बाकड्यावर बसून खाऊ या

आमचे बोरी अरब हे दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरचे गाव. इथे बाहेर खायचे म्हणजे मोठे हॉटेल नाही, पाटीवर छापलेली यादी नाही. कढईतून नुकता काढलेला आलूबोंडा आणि त्यावर तिखट रस्सा, मिरचीचे भजे, सकाळचे पोहे, वर कट चहा. तेवढ्यात जीव तृप्त होतो. पण या हॉटेलांतल्या बाकड्यांवर कोण बसते ते एकदा नीट पाहावे. बहुतेक सगळे पुरुषच. बाई येते, पैसे देते आणि कागदाची पुडी पदराआड धरून घरी जाते. घरी पोचेपर्यंत भजे थंड होतात, लेकरांत वाटले जातात आणि तिच्या वाट्याला तेलाचा कागद येतो.

आम्ही पाचसहा जणी वेचणीला, निंदणाला सोबतच जातो. दिवसभर वाकून मजुरी करायची आणि बाजाराच्या दिवशी तिखट, मीठ, तेल घेऊन उपाशीच परतायचे, असे वर्षानुवर्षे चालले होते. एका बाजारी आम्ही ठरवले की आज बसून खायचे. हॉटेलवाल्याने सवयीने विचारले, "वैनी, बांधून देऊ काय?" आम्ही म्हटले, "नाही भाऊ, इथंच खातो." दोन माणसे सरकून बसली, पोऱ्याने फडके मारले आणि गरम प्लेटी पुढे आल्या. एवढेच घडले. आभाळ काही कोसळले नाही.

कोसळले ते घरी. आम्ही पोचण्याआधीच बातमी वस्तीत पोचली होती. "बायका आता हॉटेलात बसाले लागल्या!" एकीच्या घरी त्या रात्री मोठी बोलाचाली झाली. तेव्हा तिची म्हातारी सासू मध्ये पडली. तिच्या तरुणपणी एका गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. चहा वरून ओतत आणि कप पिणाऱ्यानेच धुऊन ठेवायचा. म्हातारी लेकाला म्हणाली, "तवा आमाले जात आडवी आली. आता इले घरचेच आडवे येऊन राह्यले काय?" लेक गप्प झाला.

म्हातारीच्या या बोलण्याला कायद्याचा मोठा आधार आहे. बाबासाहेब लहान असताना, 1901 साली, भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरून ती मुले बैलगाडीने पुढे गेली. शिदोरी जवळ होती, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही, म्हणून डबा असूनही मुले उपाशी झोपली. पुढे 26 जानेवारी 1950 पासून संविधान लागू झाले. त्याच्या कलम 15 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात जाण्यास मज्जाव करता येणार नाही. त्या ओळीतला 'जात' हा शब्द आपल्या पुरुषांनी नीट वाचला आणि त्यासाठी ते झगडले. त्याला लागूनच 'लिंग' हा शब्द आहे. तो आम्ही बायकांनी वाचायचा आहे.

1955 साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला. 1976 साली त्यात सुधारणा होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात जाऊ न देणे हा गुन्हा आहे, तसेच तिथली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि 100 ते 500 रुपये दंड. वेगळ्या कपाच्या विरोधात असा कायदा आहे. पण नवऱ्याच्या वटारलेल्या डोळ्यांच्या विरोधात आपल्यालाच उभे राहावे लागते.

विजयादशमीला आपण नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. तिथे भोजनदानाच्या रांगेत मायलेकी, सासवासुना उघड्यावर बसून पोटभर जेवतात. तिथे कोणी विचारत नाही, बाई बाहेर का जेवली म्हणून. मग आपल्याच गावच्या स्टँडवर लाज कशाची?

तेव्हा बहिणींनो, कुठे खायचे तेही आमच्या अनुभवावरून सांगतो. जिथे डोळ्यांदेखत कढईतून काढून देतात तिथे बसावे. तेल काळे पडून धूर सोडत असेल तर पुढे चालावे. प्लेटी एकाच बादलीत बुचकळतात की नळाखाली धुतात, ते पाहावे. पावसाळ्यात उकळता चहा बरा, बर्फाचे सरबत नको. दारव्ह्याला किंवा यवतमाळला कामासाठी गेलात तर आधी एस. टी. स्टँडवर बायकांची सोय पाहून घ्यावी आणि मग निवांत बसून खावे, म्हणजे पाणी प्यायला भीती वाटत नाही. काही ठिकाणी 'फॅमिली रूम' म्हणून पडद्यामागची कोंदट खोली दाखवतात. आवडली तर बसा. नाही तर पंख्याखालचे बाहेरचे बाकडेही आपलेच आहे.

पैसे उडवा असे आमचे म्हणणे नाही. लेकरांच्या वह्या आधी, दवाखाना आधी. पण ज्या दिवशी घरचा पुरुष दोन कट चहा आणि एक प्लेट बोंडा खाऊन येतो, त्या दिवशी तेवढा हक्क मजुरी करणाऱ्या बाईचाही आहे. घरी पुडी जरूर न्यावी, ती लेकरांसाठी. आपला घास मात्र गरम असतानाच खाऊन घ्यावा.