बिशानच्या बागेतली नदी

सिंगापूरला लेकीकडे गेले, तेव्हा पहिले चार दिवस उंच इमारती आणि दुकाने पाहण्यात गेले. पाचव्या दिवशी जावई म्हणाले, "अम्मी, आज तुम्हाला नदी दाखवतो." मनात म्हटले, कुर्ल्यात मिठीच्या काठावर अर्धे आयुष्य काढलेल्या बाईला नदी काय दाखवणार!

असरची नमाज आटोपून आम्ही बिशान-आंग मो किओ पार्कला गेलो. बाग ६२ हेक्टरची. तिच्यातून कालांग नदी वळणे घेत वाहते. पाणी घोट्याएवढे. नातू चपला हिरवळीवर टाकून दगडांवरून पलीकडे गेला आणि जाळी घेऊन मासे पकडणाऱ्या मुलांत मिसळलाही. काठ कुठेच भिंतीसारखा उभा नाही. हिरवळच उतरत पाण्याला टेकते.

ही नदी माणसांनी मुद्दाम अशी केली आहे, हे मला खरेच वाटेना. पूर्वी इथे २.७ किलोमीटरचा सरळ सिमेंटचा नाला होता. पावसाचे पाणी लवकर वाहून न्यायचे, एवढेच त्याचे काम. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली आणि २०१२ मध्ये बाग पुन्हा खुली झाली. काठाची माती धरून ठेवायला दगड आणि झाडेझुडपे लावली. नाल्याच्या जुन्या सिमेंटची बागेतच एक टेकडी रचली आहे. नाल्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती. आता पाणी चढले की नदी जवळजवळ १०० मीटरपर्यंत पसरू शकते.

हे सगळे जावई सांगत होते, तोच आभाळ भरून आले. काठावरचे दिवे लुकलुकू लागले, भोंगा वाजला, पाठोपाठ पाण्यापासून दूर जाण्याची सूचना. नदीतले सेन्सर पाण्याची पातळी मोजत असतात, त्यावरून हे होते. लोक शांतपणे उतार चढून वर आले. पळापळ नाही. आम्ही छपराखाली उभे राहिलो. मघाशी बसलो होतो ती हिरवळ बघता बघता पाण्याखाली गेली.

लेकीने माझा हात घट्ट धरला होता. २६ जुलै २००५ ला ती दहा वर्षांची होती. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिला माळ्यावर चढवून आम्ही दोघे रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो. पूर येतोय हे कोणी सांगितले नव्हते. पाणी घरात शिरले तेव्हाच कळले.

आता मुंबईतही २०२० पासून पुराचा अंदाज देणारी 'आय-फ्लोज' यंत्रणा आहे. चांगलेच झाले. पण इशारा मिळाला तरी मिठीने पसरायचे कुठे? बाजूला भिंती, भिंतींना टेकून घरे. बिशानला नाल्यालगत आधीच बाग होती, म्हणून कुणाचे घर न हलवता नदीला जागा देता आली. आमच्याकडे नदीला जागा द्यायची म्हणजे पहिली आमचीच खोली जाणार, आणि बदल्यात कुठे, किती लांब, हे आधी कोण सांगणार? मला नदीही हवी आहे आणि घरही.

पाऊस थांबला. नातू चपला शोधू लागला. एक झुडपात अडकलेली सापडली, दुसरी गेली ती गेलीच. लेकीने त्याला कडेवर घेतले आणि आम्ही बसस्टॉपकडे निघालो.