मिठाचे मोल

डेन्मार्क आणि स्वीडन या दोन देशांच्या मध्ये कॅटेगॅट नावाचा एक उथळ समुद्र आहे. हे नाव मूळचे डच खलाशांनी दिलेले असून त्याचा अर्थ ‘मांजराचे भोक’ असा सांगतात. पाण्याखाली दडलेले वाळूचे दांडे चुकवीत या समुद्रातून जहाज हाकणे इतके बिकट होते की, येथून मांजरसुद्धा अंग चोरूनच जाईल, असे त्या खलाशांना वाटले असावे. या समुद्राच्या उत्तर भागात लेसो नावाचे एक बेट आहे. डेन्मार्कच्या मुख्य भूमीवरील फ्रेडरिक्सहाव्न बंदरातून निघालेली बोट दीड तासात लेसोच्या व्हेस्टेरो बंदराला लागते. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस किलोमीटर आणि वस्ती दोन हजारांच्याही आत. मध्यभागी ब्यूरुम हे मुख्य गाव, पश्चिमेस व्हेस्टेरो आणि पूर्वेस ओस्टेर्बी ही दोन बंदरे. एवढाच काय तो पसारा. डोंगर म्हणाल तर एकही नाही. बेटावरील सर्वांत उंच जागा म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, आणि त्यांची उंची तीस मीटरसुद्धा भरत नाही.

लेसोची भूमी वयाने तशी कोवळीच आहे. हिमयुगात उत्तर युरोपावर बर्फाचे प्रचंड थर साचले होते. त्यांच्या भाराने खालची जमीन दबली होती. पुढे बर्फ वितळले, भार उतरला आणि दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. ओझे उतरवून ठेवल्यावर हमालाने पाठ सरळ करावी, तसाच हा प्रकार. काही सहस्र वर्षांपूर्वी समुद्राचा तळ असलेला वाळूचा उंचवटा असाच पाण्याबाहेर आला. तोच लेसो होय. जमिनीचे हे वर येणे अद्याप थांबलेले नाही; मात्र ते वर्षाला काही मिलिमीटर एवढेच असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. दक्षिणेकडे तर जमीन कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. त्या बाजूस मैलच्या मैल सपाट, गवताळ खाजण आहे. तेथील लोक त्याला ‘रोनर’ म्हणतात. या रोनरमध्येच लेसोचे भाग्य दडलेले होते, आणि त्याचे दुर्भाग्यही.

हिवाळ्यात वादळी वाऱ्याने समुद्र फुगला, की त्याचे पाणी या सपाटीवर दूरवर पसरते. उन्हाळ्यात दिवस मोठे होतात, वारा वाहतो आणि ते पाणी आटू लागते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ते खारे द्रव वाळूतून झिरपत खाली जाते. परंतु खाली चिकणमातीचा थर असल्यामुळे फार खोल जाऊ शकत नाही. अशा रीतीने वाळूच्या आत, जमिनीपासून थोड्याच अंतरावर, अतिशय खारट पाण्याचा साठा तयार होतो. भोवतालच्या समुद्राच्या पाण्यात शंभर भागांत दोन-तीन भाग मीठ असते. रोनरच्या पोटातील पाण्यात ते चांगल्या उन्हाळ्यात पंधरा भागांपर्यंत जाते. निसर्गाने आपले निम्मे काम असे आधीच करून ठेवलेले होते. उरलेले निम्मे माणसांनी करावयाचे होते.

उष्ण देशांतील मिठागरांत हे उरलेले काम ऊनच करते. लेसोच्या आकाशात एवढे ऊन कोठून असणार? तेथे विस्तवाचाच आश्रय घ्यावा लागला. खाजणात उथळ विहिरी खणावयाच्या, त्यांतील पाणी उपसून झोपडीतील मोठ्या लोखंडी कढईत ओतावयाचे आणि खाली जाळ घालून ते तासन् तास उकळावयाचे. पाणी आटत आले, की कढईत मिठाचे पांढरेशुभ्र स्फटिक जमू लागतात. ते काढून टोपल्यांत निथळत ठेवले, की झाले मीठ. बाराव्या शतकापासून लेसोवर हा उद्योग चालू होता. अशा शेकडो झोपड्यांच्या खुणा आजही रोनरच्या गवतात सापडतात.

आज मीठ ही अगदी स्वस्त वस्तू आहे. म्हणून त्या काळी मिठाला केवढे मोल होते, हे मनात आणण्यास थोडा प्रयत्न करावा लागतो. मासे आणि मांस हिवाळाभर टिकवावयाचे तर मीठ हवे; लोणी टिकवावयाचे तर मीठ हवे. मीठ नसेल त्या घरी हिवाळा अवघड. मध्ययुगात लेसो बेट व्हिबोर्ग येथील कॅथीड्रलच्या धर्माधिकाऱ्यांच्या मालकीचे होते, आणि बेटावरील लोक आपला खंड त्यांना मिठाच्या रूपाने भरीत. सारांश, मीठ हेच लेसोचे पीक आणि मीठ हेच त्याचे चलन.

परंतु विस्तवाला जळण लागते. बेटावर त्या काळी दाट झाडी होती. आज एक झाड तोडले, उद्या दुसरे. कढईखालचा जाळ मात्र विझता कामा नये. वर्षांमागून वर्षे, शतकांमागून शतके हे चालले. झाड वाढावयास एक पिढी लागते आणि जळावयास एक दिवसही लागत नाही. हा हिशेब कोणाच्या ध्यानात आला नसेल, असे नाही. पण दोष द्यावा तरी कोणाला? मालकाला खंड हवा होता, व्यापाऱ्याला मीठ हवे होते आणि झोपडीतील माणसाला पोरांसाठी भाकरी हवी होती. अखेर अरण्य सरले आणि १६५२ मध्ये लेसोवर मीठ उकळण्यास बंदी झाली. हुकूम शहाणपणाचा होता, यात शंका नाही. तो अरण्य संपल्यावर निघाला, एवढेच काय ते उणे.

बेटाची खरी परीक्षा पुढेच होती. लेसो म्हणजे मुळात वाळूचा ढीग. झाडांच्या मुळांनी ती वाळू धरून ठेवली होती आणि त्यांच्या फांद्यांनी वारा अडविला होता. झाडे गेली, राहिलेसाहिलेले गवत गुरांनी खाल्ले, आणि वाऱ्याला रान मोकळे मिळाले. वाळू उडू लागली. ती शेतांवर बसली, विहिरींत पडली, दारांशी साचली. पूर्व भागातील हाल्स या गावाचे चर्चसुद्धा वाळूने घेरले आणि लोकांनी ते सोडून दिले. ज्या जमिनीवर राई आणि सातू डोलत असे, तेथे हीदर नावाच्या खुरट्या झुडुपांखेरीज काही उगवेना. समुद्र गिळील अशी भीती बेटावरील माणसांना नेहमीच असते. लेसोवर समुद्र आपल्या जागीच राहिला. गाव गिळले ते वाळूने.

मीठ गेले, शेती बुडत चालली. मग माणसे जगली कशी? पुरुषांनी समुद्राची वाट धरली. कोणी मच्छीमार झाले, कोणी जहाजांवर खलाशी म्हणून गेले आणि महिनेच्या महिने परतले नाहीत. मागे राहिल्या त्या स्त्रिया. नांगर धरणे, पेरणी-कापणी करणे, गुरे राखणे, इतकेच नव्हे तर घरे शाकारणे, ही सर्व कामे लेसोच्या स्त्रियांनी अंगावर घेतली. तेथील स्त्रियांचा सणासुदीचा पोशाख चांदीच्या दागिन्यांनी सजलेला असे आणि त्याची ख्याती डेन्मार्कभर होती. परंतु तो पोशाख नेसणारे हात वर्षभर नांगराच्या मुठीवर असत, ही गोष्ट पोशाखाचे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये.

घर बांधावयाचे तर लाकूड पाहिजे, आणि बेटावर लाकूड तर उरले नव्हते. ते समुद्राने आणून दिले. भोवतालच्या वाळूच्या दांड्यांवर दरसाल जहाजे फुटत. त्यांच्या डोलकाठ्या, तुळया, फळ्या किनाऱ्यास लागत आणि त्यांतून लेसोची घरे उभी राहत. कोणाच्या तरी बुडालेल्या जहाजाची तुळई कोणाच्या तरी माजघरात आधार होऊन बसे. छपरासाठी पेंढाही पुरेसा नव्हता. तोही समुद्रानेच पुरविला. वादळ झाले, की किनाऱ्यावर समुद्रगवताचे ढीग येऊन पडत. वनस्पतिशास्त्रात याला ‘झोस्टेरा’ म्हणतात. हे शेवाळ नव्हे. याला मुळे असतात, पाने असतात आणि समुद्राच्या तळाशी, पाण्याच्या आत, फुलेसुद्धा येतात.

हे गवत गाड्यांतून वाहून आणून शेतांत पसरीत, पावसात धुवून निघू देत आणि वाळवीत. मग छपराचा दिवस ठरे. आपल्याकडे इर्जिक असते, तसाच तो दिवस. आसपासच्या वाड्यांतील चाळीस-चाळीस स्त्रिया जमत आणि घरधनीण सर्वांना जेवू घाली. लांब लांब गवत पिळून त्याचे जाडजूड वेठ वळीत आणि ते वळचणीच्या बाजूने वाशांना एकाशेजारी एक घट्ट बांधीत. त्यांवर गवताचे थर रचीत आणि पायांनी तुडवून दाबीत. असे करता करता छप्पर जवळजवळ एक मीटर जाड होई. दुरून पाहणाऱ्यास वाटावे, की बुटक्या घराने मोठी लोकरी टोपी कानांवरून खाली ओढून घेतली आहे!

या छपराचे गुण मात्र हसण्यासारखे नाहीत. गवतात मुरलेल्या मिठामुळे ते सहसा कुजत नाही, त्याला कीड लागत नाही आणि ते सहजी पेटतही नाही. कालांतराने सगळे गवत एकजीव होऊन बसते. अशी काही छपरे दोनशे-तीनशे वर्षे टिकली आहेत. कौलांचे कारखाने काढणाऱ्यांनाही इतक्या वर्षांची हमी देता येणार नाही. मिठाने ज्यांचे अरण्य नेले, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर पुढे मिठानेच राखले!

१९३० नंतरच्या काही वर्षांत एक अनपेक्षित संकट आले. अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर समुद्रगवतास रोग पडला. पाने काळवंडून गळू लागली आणि समुद्राच्या तळावरील कुरणेच्या कुरणे ओस पडली. लेसोच्या किनाऱ्याला गवत लागेनासे झाले. जुनी छपरे खचू लागली, तेव्हा डागडुजी करावयास साहित्य नव्हते, आणि हळूहळू ती विद्या जाणणाऱ्या स्त्रियाही राहिल्या नाहीत. एके काळी बेटावर अशी दोनशेहून अधिक घरे होती. आता वीसच्या आसपास उरली आहेत. त्यांतील एक जुने घर संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. या शतकाच्या आरंभी बेटावरील लोकांनी उरलेली छपरे दुरुस्त करण्याचे मनावर घेतले. त्यासाठी लागणारे गवत मोन या दुसऱ्या डॅनिश बेटाच्या परिसरातून आणावे लागले. वेठ कसे वळावयाचे, हे जुन्या छपरांवरूनच पुन्हा शिकून घ्यावे लागले. २०१३ मध्ये तर वास्तुशिल्पज्ञांनी येथे एक नवीन घर बांधले आणि त्याच्या छपरावर व भिंतींवर जाळीच्या पिशव्यांत भरलेले समुद्रगवत बसविले.

उजाड रानात हीदर वाढली, असे वर सांगितले. तिच्या जांभळ्या फुलांवर चरणाऱ्या लेसोच्या तपकिरी मधमाश्यांनी एकदा मोठीच मौज केली. या जातीच्या मधमाश्या युरोपात अन्यत्र संकरामुळे दुर्मीळ झाल्या आहेत. त्यांची जात शुद्ध राहावी म्हणून लेसोवर दुसऱ्या जातीच्या मधमाश्या पाळण्यास डेन्मार्कच्या सरकारने १९९३ मध्ये मनाई केली. एका मधुपालाने ती मनाई मोडली. खटला वाढत वाढत थेट लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेला! १९९८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की विशिष्ट भूभागातील एखाद्या जीवजातीचे रक्षण करण्यासाठी असे निर्बंध घालणे योग्यच आहे. एवढ्याशा माशीसाठी एवढे मोठे न्यायालय बसले, याचे नवल वाटते; पण संपून गेल्यावर हुकूम काढण्यापेक्षा हे बरे.

वाळूला आवर घालण्याचे काम सर्वांत जिकिरीचे होते. विसाव्या शतकात उडत्या वाळूवर पाइनची झाडे लावण्यात आली. खारा वारा आणि भुकेली जमीन यांना तोंड देत ती हळूहळू जगली आणि बेटाचा बराच भाग पुन्हा वृक्षांनी झाकला गेला.

मग मिठाचे दिवसही परतले. ऑर्हुस विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ येन्स वेलेव यांनी रोनरमधील जुन्या झोपड्यांचे उत्खनन केले. चुली कशा होत्या, कढया केवढ्या होत्या, याचा त्यांनी मागोवा घेतला. त्या पुराव्यांच्या आधारे १९९१ मध्ये जुन्या पद्धतीची एक झोपडी उभारण्यात आली आणि तीनशेहून अधिक वर्षांनी लेसोच्या कढईखाली पुन्हा जाळ पेटला. प्रयोग म्हणून सुरू झालेले हे काम आता बेटाचा एक उद्योग झाले आहे. व्हेस्टेरो येथे तर वापरातून गेलेल्या एका चर्चच्या इमारतीत खाऱ्या पाण्याचे स्नानगृह केले असून त्वचेचे विकार असलेले लोक तेथे दुरून येतात.

मिठाच्या झोपडीत आजही लाकूडच जळते. आत शिरावे तो धूर आणि वाफ यांनी डोळे भरून येतात. थोड्या वेळाने दिसू लागते ती काळीभोर लोखंडी कढई, तिच्या पाण्यावर हळूहळू धरत चाललेली मिठाची पातळ साय, आणि बाजूस टांगलेल्या टोपल्यांतून टपटप निथळणारे पाणी. दाराबाहेर ओंडक्यांची रास रचून ठेवलेली असते. किती ओंडके आत गेले आणि किती उरले, हे तेथून जाणाऱ्या कोणालाही सहज मोजता येते.