मोडलेली आणि खचलेली

घरात मोडलेली वस्तू लगेच दिसते. कपाचा कान तुटला, खुर्चीचा पाय निखळला, मिक्सर बंद पडला, की त्याच दिवशी घरभर बोंब होते. खचलेल्या वस्तूचं तसं नसतं. गादी रोज केसाएवढी बसत जाते, चाळणीची जाळी हळूहळू सैल होते आणि आपला हातही नकळत तिच्याशी जुळवून घेतो. हा फरक मला नीट उलगडून दाखवला तो आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी, गाडीच्या इंजिनातल्या सहा स्प्रिंगा ओळीनं मांडून.

आमची गाडी 1995 सालची मारुती 800. मामंजींनी हौसेनं घेतलेली. "विकून टाका आता," असं मुलगा पुण्याहून दर फोनला सांगतो, पण ह्यांचा जीव तिच्यात अडकलाय. गेल्या वर्षी गोव्याहून परतताना चोर्ला घाटात ती 'मिसिंग' मारायला लागली. चढावर दम जायचा, उभी राहिली की अंगात ताप भरल्यासारखी थरथरायची. बेळगावला आल्यावर मिस्त्रींनी तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासलं, इंजिनावरचं झाकण काढलं आणि बोट ठेवलं. मधल्या सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मोडली होती. तिचे दोन तुकडे एकमेकांत अडकून बसले होते, म्हणून तर गाडी घरापर्यंत आली.

हे दुकानात असतात, त्यामुळे मधल्या खेपा माझ्याच. मी आपली स्टूल ओढून बसायची आणि विचारत राहायची. मिस्त्रीही हौशी. सांगायचे, "बघा की वहिनी, प्रत्येक सिलिंडरला दोन दारं. एकातून पेट्रोल-हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. दार ढकलून उघडायचं काम कॅमशाफ्टचं. ते वेळेवर मिटायचं काम ह्या स्प्रिंगेचं." इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला 3,000 फेरे धरले, तर 1,500 वेळा उघडायचं नि 1,500 वेळा मिटायचं. म्हणजे सेकंदाला 25 वेळा! मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. ताशी 50 किलोमीटरनं लाखभर किलोमीटर चालायला 2,000 तास लागतात. तेवढ्यात एकेक स्प्रिंग 18 कोटी वेळा दबते आणि पुन्हा उभी राहते.

स्प्रिंगेतला जोर कमी झाला, तर इंजिन जोरात फिरताना व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, बैठकीवर टेकून पुन्हा उसळतो. धूर सोडणारा व्हॉल्व्ह तर लालबुंद तापलेला. बैठकीला घट्ट टेकतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. टेकणंच अपुरं राहिलं की तो कडेनं जळायला लागतो. आणि स्प्रिंग पुरतीच निकामी होऊन व्हॉल्व्ह खाली आला, तर पिस्टनशी टक्कर ठरलेली.

हेड उतरवून आणलं. कुठल्या जागेचं काय हे मिसळू नये, म्हणून मी घरातला जुना मिसळणाचा डबा नेऊन दिला. सात वाट्या. सहांत सहा जागांच्या स्प्रिंगा, टोप्या आणि कॉटर, सातवीत मोडके तुकडे. लांब दांड्यांचे व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचले.

संध्याकाळी हे आले. म्हणाले, "एकच मोडलीय ना? मग एकच बदला."

मिस्त्री हसले. "साहेब, मोडलेलीचं दुखणं तर संपलं. उरलेल्या पाचजणींचं बघूया की."

मग तपासणी सुरू झाली. आधी रॉकेलनं धुऊन एकेकीवर बॅटरीचा उजेड. कुठं चीर आहे का, गंजाचा खड्डा आहे का. नंतर व्हर्नियरनं उंची. तीन जवळजवळ नव्याएवढ्या भरल्या, दोन मात्र दीड-दोन मिलिमीटरनं आखूड. मग जाड सपाट काचेवर उभी करून शेजारी गुण्या लावला आणि स्प्रिंग गोल फिरवत पाहिलं, वरचं टोक कलतंय का. शेवटची परीक्षा मला फार आवडली. नवी स्प्रिंग आणि जुनी स्प्रिंग टोकाला टोक लावून, मध्ये पत्र्याची चकती ठेवून बेंच व्हाइसमध्ये धरायची आणि हळूहळू आवळायची. दोघींवर भार अगदी सारखा. तरी आखूड स्प्रिंग आधी दबत गेली, नवी तिच्याहून उंच उभी राहिली. नुसती डोळ्यांनी बघितली असती, तर पाचही चांगल्याच दिसत होत्या.

"पाचजणींनी काम तेवढंच केलंय ना, मोडलेलीएवढंच," मिस्त्री म्हणाले. ह्यांनी मान हलवली. सहाही नव्या घ्यायच्या ठरल्या.

त्या रात्री मला आमच्या अक्का आठवत राहिल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, निपाणीला असतात. सासूबाई त्यांच्याकडे. अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार अंथरुणात. सगळ्या घराचं अक्कांबद्दल एकच वाक्य, "त्यांचं काय, त्या खंबीर आहेत." अक्का आजारी पडल्या नाहीत, रडल्या नाहीत, कुणावर ओरडल्या नाहीत. मोडल्या नाहीत, म्हणून कुणी मोजलं नाही.

मी पुढच्या रविवारी निपाणीला गेले आणि दोन रात्री राहिले. "कशा आहात?" असं विचारलंच नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं. वही घेऊन बसले. रात्री किती वेळा उठता? सलग झोप किती तास? स्वतःच्या माहेरी शेवटचं कधी गेला होता? गुडघ्याचं औषध कधीपासून? अक्का आधी हसल्या, मग गप्प झाल्या, मग एकेक आकडा सांगितला. रात्री पाच वेळा. सलग झोप दीड तास. माहेर, तीन वर्षं. दुसऱ्या रात्री मी सासूबाईंपाशी झोपले. पहाटे माझी कंबर धरली होती आणि अक्का नेहमीसारख्या न्हाऊन चुलीपाशी उभ्या होत्या. त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या आहेत.

घरी येऊन ती वही मी ह्यांच्यापुढे ठेवली. "आईला जागा बदललेली सोसणार नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, "आणि अक्कांना?" बराच वेळ बोलणं नाही. मग ह्यांनी आपल्या थोरल्या भावाला फोन लावला. वाद झाला, आवाज चढले, "लोक काय म्हणतील" हेही झालं. शेवटी ठरलं की रात्रीसाठी पगारी बाई ठेवायची, खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा करायचा आणि दर तीन महिन्यांतला एक महिना सासूबाई बेळगावला.

इकडे गॅरेजात जुळणी चालू होती. नव्या सहांतलीही एक गुण्याला कललेली निघाली, ती बदलून आणली. नवी म्हणून डोळे झाकून बसवायची नाही. व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीवर घासून घेतले, दांड्यांवर नवे ऑइल सील घातले. आमच्या गाडीच्या स्प्रिंगेला वर-खाली असतं. जवळजवळ वेढ्यांची बाजू खाली, हेडकडे. विरळ वेढ्यांची वर. वरून टोपी ठेवून ती कॉम्प्रेसरच्या शिकंज्यात दाबायची आणि दांड्याच्या खाचेत कॉटरच्या दोन इवल्या फाका ग्रीस लावून चिकटवायच्या. मग शिकंजा सोडायचा, पण सावकाश. एकदम सोडला आणि कॉटर नीट बसला नसेल, तर तो गोळीसारखा उडतो, डोळा जायचा. "तोंड मागं घ्या, वहिनी," मिस्त्री दर वेळी बजावायचे. सगळं बसल्यावर दांड्याच्या टोकावर लाकडी हातोडीनं हलकेच टकटक केली, म्हणजे कॉटर घट्ट बसले की नाही ते कळतं. शेवटी हेड उलटं करून पोकळ्यांत पेट्रोल ओतलं आणि वाट पाहिली. एक थेंब झिरपला नाही.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या पहिल्या रात्रीनंतर सकाळी अक्कांचा फोन आला. "झोप कसली लागतेय गं? कुणी हाक मारली नाही, तरी पाच वेळा उठले." मला शिकंजा आठवला. इतक्या वर्षांचा दाब एका रात्रीत कसा उतरणार? मी म्हटलं, "अक्का, आज दुपारीही आडव्या व्हा. पोळ्या दादांना बाहेरून आणू देत."

गाडी आता चढ घेते. पाचशे किलोमीटरनंतर टॅपेटचं अंतर पुन्हा तपासायला आणा, असं मिस्त्रींनी सांगितलंय. ते मी वहीत लिहून ठेवलंय. त्याच पानावर अक्कांच्या झोपेचे तास आहेत. काल त्यांनी आपणहून फोन करून आकडा सांगितला, "साडेतीन."