मला पुस्तक हवं होतं

‘बचत गटाचे फॉर्म इथं मिळत नाहीत, बाई. पंचायत समितीत जा.’

अकरा वर्षं झाली, हे वाक्य अजून कानातून गेलेलं नाही.

माझं माहेर कंधारकडचं. बारावी झाली, लग्न झालं, नायगावला आले. दोन लेकरं, सोयाबीन, तूर, घरातलं सगळं. शाळेत असताना हाताला लागेल ते वाचायची. ते सुटलं. एवढंच मागचं सांगण्यासारखं.

भाजी आणायच्या वाटेवर वाचनालय होतं. दार कायम उघडं. आत लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, आणि उंबऱ्याबाहेर सगळ्या पुरुषांच्या चपला. त्या चपलांत आपली चपल काढायची म्हणजे काय, हे गावात नांदणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. कितीतरी महिने मी नुसती तिथून जात राहिले. एका दुपारी मनाचा हिय्या केला, चपल काढली आणि आत पाय टाकला. चार-पाच माना वर झाल्या. टेबलामागच्या गृहस्थांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली, डोक्यावरचा पदर पाहिला आणि वरचं वाक्य बोलले.

मी ‘बरं’ म्हणाले आणि मागं फिरले. एवढंच नाही, कुणी बघत असेल म्हणून कोपऱ्यापर्यंत पंचायत समितीच्या दिशेनं चालत गेले. तिथं थांबून घाम पुसला आणि दुसऱ्या गल्लीनं घरी आले. ‘पुस्तक पाहिजे’ हे दोन शब्द. घरी भांडी घासताना ते मी कितीदा तरी मोठ्यानं म्हणून पाहिले.

ते गृहस्थ उद्धट नव्हते. कुणी हसलंही नाही. बाईचा हेलपाटा वाचावा म्हणून त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, आणि हेच मला जास्त लागलं. अपमान केला असता तर भांडता आलं असतं. बाई पुस्तकासाठी आली असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही, त्याला काय उत्तर द्यायचं? त्यानंतर दोन वर्षं मी त्या रस्त्यानं भाजी आणली नाही.

समजा, तोंड उघडलं असतं, तरी पुढं काय? भिंतीला लोखंडी कपाटं, त्यांना कुलपं. ‘कोणतं पुस्तक?’ म्हणून विचारलं असतं. मला नाव कुठं माहीत होतं! ज्याला नाव माहीत नाही त्यानं पुस्तकं चाळूनच ठरवायचं असतं. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. वाचकानं स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढावं, यासाठी ते आयुष्यभर आग्रही राहिले. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा 1955 सालीच इथं ग्रंथालयांचा कायदा झाला, महाराष्ट्राचा 1967 साली. कायदे झाले, पण कपाटाची किल्ली टेबलाच्या ड्रॉवरातच राहिली.

मग सासऱ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आला. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. निजामाच्या राज्यात दुसरीपर्यंत उर्दूत शिकलेले, मराठी अक्षर अक्षर जोडून वाचायचे, पण रोजचं वर्तमानपत्र चुकायचं नाही, तेही याच वाचनालयात. दिसेना तसे कासावीस झाले. एके दिवशी म्हणाले, ‘तू जा माय. सोयाबीनचा भाव बघून ये. माझी सून हाव म्हणून सांग.’

मी गेले, तसं सांगितलं. तेच गृहस्थ उठले आणि खिडकीजवळची खुर्ची पुढं सरकवली. आनंद झाला आणि रागही आला. कुणाची तरी सून म्हणून खुर्ची मिळाली, वाचायला आलेली बाई म्हणून नाही. तरी बसले. रोज बसू लागले. भाव लिहून घ्यायचा, मग बाकीचं वाचायचं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा म्हटलं, ‘कपाट उघडता का, मला बघायचंय.’ त्यांनी किल्लीच माझ्या हातात दिली.

धूळ झाडत तासभर उभी होते. भास्कर चंदनशिव यांचं नाव दिसलं. भाव पडला म्हणून भर बाजारात टोमॅटो तुडवणाऱ्या शेतकऱ्याची ‘लाल चिखल’ ही त्यांची कथा आहे. ती रात्री मामांना वाचून दाखवली. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपून बी कोबी टाकून आलो होतो. हे कुणी लिहून ठेवलंय, मला ठाव नव्हतं.’

त्या गृहस्थांवरचा माझा राग गेला असं मी मध्यंतरी सगळ्यांना सांगायची. वाचनालयाचं अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, आणि हप्ता लांबला की ते महिनोन् महिने बिनपगारी दार उघडून बसतात, हे कळल्यावर तर वाईटच वाटलं. त्यांचा पगार वेळेवर झाला पाहिजे, हे मी कुणापुढंही म्हणेन. पण हे लिहायला बसले तेव्हा पहिलं तेच वाक्य उमटलं. राग गेलेला नाही.

वर्गणीची पहिली पावती मामांच्या नावावर फाटली होती. ते गेल्यावर मी ती माझ्या नावावर करून घेतली.

नायगावातल्या, आसपासच्या खेड्यांतल्या बायांना सांगते. वर्तमानपत्राच्या टेबलाला वर्गणी लागत नाही, कुणाची सून आहे हे सांगावं लागत नाही. दुपारी चारला गर्दी कमी असते. चपल उंबऱ्याशी काढा आणि आत या. मी खिडकीजवळ असते.