दुधाच्या वहीतले इंग्रजी

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी सुरू व्हायचे ते आठवीत. जेवढे डोक्यात शिरले तेवढे एस्.एस्.सी.च्या पेपरात उतरवून मी मोकळी झाले, नि लग्न होऊन मुलुंडला आले. त्यानंतर इंग्रजीशी संबंध काय तो औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपुरता!

मला खरे इंग्रजी शिकवले ते १९७१ च्या लढाईने. सांगायला लाज वाटते, पण तसेच झाले खरे.

पहिला शब्द आला पोस्टातून. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, नि त्या वर्षी नोव्हेंबरपासून पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्यावर इंग्रजीत ‘रेफ्युजी रिलीफ’ अशी अक्षरे. माहेरच्या पत्राला हे पाच पैसे कशाचे म्हणून मी ह्यांना विचारले नि उत्तर दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, लिहून ठेवले. हाताशी तीच होती.

मग ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, दिव्याला कागदाची टोपी. सातच्या आत स्वयंपाक, जेवणे, सगळे आटपलेले. अंधारात निवडणे होत नाही की टिपणे होत नाही. मग टोपीखालच्या त्या वाटीएवढ्या उजेडात मी पेपर घेऊन बसायची. सकाळी आमचा मराठी पेपर वाचलेला असायचा. वरच्या मजल्यावरचे मामा तामीळ होते, ते इंग्रजी पेपर घेत. दुपारी त्यांचा वाचून झाला की मी मागून आणायची.

युक्ती अशी की बातमी एकच, ती आधी मराठीत वाचायची आणि मग इंग्रजीत. जेसोर, ढाक्का, छांब ही नावे दोन्हीकडे सारखीच, आकडेही तेच. त्यांना धरून मधले शब्द ओळखायचे. नदी ओलांडताना दगड शोधत पाय टाकतो ना, तसे. नाहीच जमले तर भाऊजींची जुनी डिक्शनरी होती. गोष्टीच्या पुस्तकाने हे झाले नसते. गोष्टीत पुढे काय होणार ते ठाऊक नसते. बातमीत अर्थ आधीच कळलेला असतो, फक्त शब्द नवा असतो.

आणि काय एकेक गमती! लढाईचे म्हणे ‘थिएटर’ असते. मी आपली दादरच्या शिवाजी मंदिराचा विचार करत बसले. ‘एंगेजमेंट’ म्हणजे आपल्याकडे साखरपुडा, तिथे चकमक. (सासूबाईंना सांगितले तर म्हणाल्या, “फरक काय गं त्यात?”) ‘व्हेटो’ तर आमच्या घरात लगेच रुळला. अमेरिकेने राष्ट्रसंघात ठराव आणायचा आणि रशियाने तो व्हेटोने उडवायचा, असे त्या दिवसांत चालले होते. सिनेमाला जायचा माझा ठरावही घरात तसाच उडायचा. ‘सीजफायर’ने मात्र घोळ घातला. उच्चार जवळजवळ सारखा, पण एका स्पेलिंगचा अर्थ थांबणे आणि दुसऱ्याचा जप्त करणे. अर्थात आपली मराठीही काही कमी नाही. ‘युद्धबंदी’ म्हणजे थांबलेले युद्धही आणि पकडलेला सैनिकही!

१६ डिसेंबरला ढाक्क्यात शरणागती झाली, ‘सरेंडर’ वहीत गेला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची लढाईही थांबली. काळे कागद काढून खिडक्या पुसल्या. वहीत दीडशेच्या वर शब्द झाले होते आणि मला थोडी शिंगे फुटली होती हेही खरे.

अशा वेळी एका दुपारी तळमजल्यावरच्या वहिनी तार घेऊन वर आल्या. त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात होता. आईवडील लवकर गेलेले, त्यांनीच त्याला वाढवलेला, म्हणून तार त्यांच्याकडे. हात थरथरत होते.

“वहिनी, तुम्हाला येतं ना इंग्रजी? बघा हो काय लिहिलंय.”

मी वाचले. ‘किल्ड’ नव्हते. ‘वूंडेड’ नव्हते. हे दोन्ही शब्द मला पाठ होते. होते ते ‘मिसिंग इन ॲक्शन’. डिक्शनरी काढली. मिस म्हणजे चुकणे, हुकणे. ॲक्शन म्हणजे कृती, काम. मी म्हटले, “घाबरू नका, जिवाला काही नाही. कामात काहीतरी चूक झाली आहे त्याची, म्हणून कळवलंय.”

वहिनी मटकन खाली बसल्या नि हसायलाच लागल्या. “लहानपणापासून धांदरटच तो,” म्हणाल्या. मी चहा केला. जाताना देवापुढे साखर ठेवते म्हणून गेल्या.

संध्याकाळी ह्यांना सांगितले. हे बूटही न काढता खाली गेले, तार पाहिली. वर येऊन म्हणाले, “अगं, बेपत्ता आहे तो.” मी तशीच खाली गेले. काय बोलले, कसे सांगितले, आठवत नाही. देव्हाऱ्यातली साखरेची वाटी मात्र आठवते.

त्या रात्री वही फाडून टाकावी असे वाटले होते. आठ दिवसांनी वहिनीच वर आल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “आता कागद येतील ते इंग्रजीच येतील. दर वेळी कुणाकडे धावू? मला शिकवा.” मला शिकवा म्हणे! मग आम्ही दोघी मिळून शिकलो. दुपारी दोन ते चार, दोन पेपर, एक डिक्शनरी. आता मात्र नियम केला : सुटा शब्द पाहायचा नाही, दोनचार शब्द मिळून काय होते ते पाहायचे, आणि खात्री नसेल तर बोलायचे नाही.

फेब्रुवारीत रेडक्रॉसमार्फत कार्ड आले. भाऊ पाकिस्तानात कैदेत होता, जिवंत होता. त्यानंतर लढाईच्या बातम्या संपल्या आणि वाटाघाटींच्या सुरू झाल्या. हे इंग्रजी फारच अवघड! लढाईत शब्द सरळ असतात. बोलणी सुरू झाली की गुळगुळीत होतात. २ जुलै १९७२ ला सिमल्याचा करार झाला. त्यातला ‘बायलॅटरल’ म्हणजे द्विपक्षीय, हे आम्ही दोघींनी अर्धा तास खर्चून काढले. वहिनींना त्यात एकच शब्द हवा होता, ‘रिपॅट्रिएशन’. मायदेशी परत पाठवणे. कराराने त्यावर पुढे बोलणी होतील एवढेच म्हटले होते. आपल्याकडे त्यांचे ९३ हजार, त्यांच्याकडे आपले सहाशेवर. रोज तो शब्द शोधत त्या पेपर उलटायच्या.

१ डिसेंबर १९७२ ला वाघा सरहद्दीवरून आपले कैदी परत आले. त्यात तो होता. कळवणारा कागद वहिनींनी स्वतः वाचला, जिन्यात उभे राहून, मोठ्याने. लांबलचक शब्दाला अडखळल्या, मी मुद्दाम गप्प राहिले.

सगळ्यांचे असे झाले नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडले, ते आजवर परत आलेले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, राष्ट्रीय बॅडमिंटनपटू, २००७ मध्ये इतर नातेवाइकांबरोबर तिकडच्या तुरुंगांत शोध घेऊन आल्या. ती बातमी मी इंग्रजीत वाचली, डिक्शनरी लागली नाही.

वही अजून आहे. नंतर किसिंजरची ‘शटल डिप्लोमसी’ त्यात आली, तेव्हा शिवणयंत्रातले शटल डोळ्यांपुढे येऊन चटकन समजले. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, नातवासाठी पुन्हा उघडली. त्याने पाने चाळली नि विचारले, “आजी, इथे मिसिंगपुढे अर्थ खोडून परत का लिहिलायस?”

“ते चुकलं होतं माझं,” म्हटले, आणि पुढचे पान उलटले.