मोटारीचा निकाल

सरकारी मोटारीचे आयुष्य नियमाने ठरते. १ एप्रिल २०२३ पासून तर सरकारी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे चालूच राहत नाही. आम्ही केंद्र सरकारचे कारकून. अशा फायलींवर टिप्पणी लिहिताना आमची लेखणी कधी अडखळली नाही. घरची मोटार बंद पडली तेव्हा मात्र चार दिवस एक ओळ सुचेना.

गाडी २०१२ सालची मारुती ८००, वडिलांनी घेतलेली. ते गेल्यावर ती मातोश्रींच्या नावे झाली आणि गेल्या वर्षी त्यांच्याबरोबरच अंबत्तूरला आली. रेडिएटरची नळी फुटून पाणी गळाले, इंजिन तापले आणि बसले. मिस्त्रींनी हेड उतरवून दाखविले: गॅस्केट जळलेले, हेड वाकलेले, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे. बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागणार. खर्च पस्तीस हजार. दलाल आहे त्या स्थितीत अठरा हजार देत होता. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये भरणार. पुढे तपासणी आणि नूतनीकरणाचे पाच हजार. सौभाग्यवतींनी विक्रीचा कौल दिला. कन्येच्या शाळेचे पैसे जूनमध्ये भरावयाचे होते, आणि त्यांचे गणित आमच्याहून नेहमीच चोख.

विक्रीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा, आणि अर्जावर सही मातोश्रींची. आम्ही कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, "विका की. मी बसेन घरी."

स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच आम्ही कागद मागे घेतला. गुडघ्यांमुळे त्यांना स्थानकाचा जिना चढवत नाही. तमिळ येत नाही. पंधरवड्याचा दवाखाना आणि महिन्यातून एकदा मयिलापूरचे कपालीश्वर, एवढेच त्यांचे मद्रास, आणि तेही मोटारीच्या काचेतून पाहिलेले.

मग अंबत्तूरच आमच्या मदतीला आले. १९४९ पासून येथे सायकलींचा कारखाना. १९६०च्या दशकात औद्योगिक वसाहत झाली. लेथ शोधावयास लांब जावे लागत नाही. मारुती ८०० तर २०१४ पर्यंत निघत होती, त्यामुळे सुटे भागही मिळाले. शाळेचे पैसे भविष्यनिर्वाह निधीतून उचलले. सौभाग्यवती दोन दिवस कमी बोलल्या.

पहिले हजार किलोमीटर गाडी सावकाश हाकावी, अशी मिस्त्रींची ताकीद आहे. मातोश्रींना तो वेग फार पसंत पडला आहे.