संख्येचं मूळ

काही शब्द आपल्याला कारणावाचून आवडतात. ‘यदृच्छा’ हा माझा असाच एक लाडका शब्द. कोणी घडवून न आणता आपसूक घडतं ते यदृच्छेनं. वाटेत जुना मित्र भेटतो तो यदृच्छेनं. रद्दीच्या दुकानात हवं ते पुस्तक हाती लागतं तेही यदृच्छेनंच. गणितवाल्यांनी ह्या मोकळ्याढाकळ्या शब्दापासून ‘यादृच्छिक संख्या’ असं भारदस्त नाव बनवलेलं पाहिलं, तेव्हा मला मोठी मौज वाटली. जिच्यामागे कसलाही नेम नाही, जी आधी कोणालाही सांगता येणार नाही, ती यादृच्छिक संख्या. आता असली संख्या हवी तरी कोणाला?

ती तुम्हाआम्हा सर्वांना हवी असते, हे मला माझ्या भाचीनं सांगितलं. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि अशा संख्या तयार करणारा एक प्रोग्राम ती सी भाषेत लिहीत होती.

“मामा, आजीचं पेन्शन तू मोबाइलवर बघतोस ना? ते वाटेत तिसऱ्या कोणाला वाचता येत नाही, कारण दर वेळी तुझा मोबाइल आणि बँक मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात. ही किल्ली म्हणजे एक भलीमोठी संख्या. तिचा अंदाज कोणाला आला, की कुलूप असून नसल्यासारखं!”

“मग घ्यावी की मनातली एखादी संख्या!”

“बरं, एक ते दहामधली एक सांग.”

“सात.”

“पुष्कळ लोक सातच सांगतात,” ती हसून म्हणाली.

माणसाच्या मनाला यदृच्छा जमत नाही, हे उघड आहे. पण यंत्राला तरी ती कशी जमावी? यंत्र तर सांगितल्याबाहेर पाऊल टाकत नाही. जॉन फॉन नॉयमन ह्या थोर गणितज्ञानं संगणकाच्या बाल्यावस्थेत एक युक्ती काढली होती. चार आकडी संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याचे मधले चार आकडे उचलायचे आणि पुन्हा तेच करायचं. भाचीनं मला ३७९२ ही संख्या दिली. मी कागदावर वर्ग केला, तो आला १,४३,७९,२६४. आणि मधले चार आकडे पाहतो तो पुन्हा ३७९२! मग २१०० घेतली. तीवरून ४१००, मग ८१००, मग ६१००, आणि फिरून २१००. घाण्याच्या बैलानं तरी ह्याहून निराळं काय करावं? अंकगणितानं यदृच्छा निर्माण करू पाहणं हे पापच आहे, असं ह्या गृहस्थानं १९५१ मध्ये थट्टेनं म्हणूनही ठेवलं आहे.

सी ही भाषा १९७२ च्या सुमारास डेनिस रिची ह्यांनी घडवली. जुन्या सूत्रकारांसारखी ती अल्पाक्षरी आहे. तिच्या भांडारात ‘रँड’ नावाचं एक तयार साधन असतं. त्याला म्हणावं, संख्या दे, ते देतं. परंतु तेही हिशेबच करतं. आरंभीचं बीज बदललं नाही, तर प्रोग्राम कितीदा चालवा, तेच आकडे त्याच क्रमानं बाहेर पडतात. म्हणून पुष्कळजण बीज म्हणून घड्याळातली वेळ देतात. पण दिवसाचे सेकंद असतात अवघे ८६,४००. आपण कोणत्या दिवशी किल्ली घडवली एवढं चोराला कळलं, तर तितक्या किल्ल्या तो चहा निवण्याच्या आत लावून पाहील. १९९५ मध्ये नेटस्केप ह्या त्या वेळच्या प्रसिद्ध ब्राउझरचं असंच झालं. त्याचं बीज घड्याळ आणि यंत्रातले एकदोन क्रमांक ह्यांवर बेतलेलं आहे, हे बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी शोधून काढलं.

“अशा दहावीस संख्या जोडून तीनशे आकडी संख्या केली तर?” मी विचारलं.

“लांबी वाढेल मामा, गुपित नाही वाढणार.”

हे मला लगेच पटलं. कादंबरी सहाशे पानांची असली, तरी पहिल्या पानावरच शेवट कळला तर पानांचा काय उपयोग?

मग खरी यदृच्छा आणायची कुठून? तर हिशेबाच्या बाहेरून. कळ दाबल्याच्या क्षणांत, तारेवरून निरोप येण्याच्या क्षणांत अतिसूक्ष्म फरक पडत असतात. प्रोसेसरच्या पोटात विजेची बारीक थरथर चालू असते. ही सगळी अनिश्चितता यंत्राची मूळ व्यवस्था गोळा करून घुसळत राहते. लिनक्समध्ये १९९४ पासून ही सोय आहे. आपल्या प्रोग्रामनं तिच्याकडे फक्त हात पसरायचा. ज्या फाइलीतून हे दान मिळतं, तिच्या पत्त्याचा पहिला शब्द इंग्रजीत ‘डिव्हाइस’चा संक्षेप आहे, पण मराठी माणूस तो वाचतो ‘देव’! ‘देव’ आणि पुढे ‘यूरँडम’. ह्या देवाकडे ३२ बाइट मागितले, की ७७-७८ आकडी संख्या पदरात पडते.

ह्या दानाची वाटणीही जपून करावी लागते. एका बाइटला २५६ रूपं असतात. त्यांतून शून्य ते नऊ असे दहा अंक काढायचे, तर सरळ दहानं भागून बाकी घ्यावी, असं कोणालाही वाटेल. पण २५६ करंज्या दहा मुलांना वाटल्या, तर सहाजणांना २६ मिळतात आणि चौघांना २५. दिवाळीत ह्यावरून काय रणकंदन होईल ते सांगायला नको! एवढासा पक्षपातही चोराच्या पथ्यावर पडू शकतो. म्हणून वरच्या सहा करंज्या कोणालाच द्यायच्या नाहीत. म्हणजे २५० पासून पुढची रूपं आली, तर ती टाकून नव्यानं मागायचं.

हे सारं ऐकून झाल्यावर भाचीनं मला डेबियनची हकीगत सांगितली, आणि तेव्हापासून ती माझ्या मनातून जात नाही. डेबियन ही लिनक्सची एक नावाजलेली आवृत्ती. २००६ मध्ये तिच्या किल्ल्या घडवणाऱ्या भागात एक दुरुस्ती झाली. तपासणीचं साधन कुरकुरतं म्हणून मजकूर गाळला गेला, आणि त्याबरोबर बाहेरून अनिश्चितता आत घेण्याची वाटच बुजली. उरला फक्त यंत्रातल्या कामाचा क्रमांक, जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंतचा. म्हणजे जगभर किल्ल्या घडत होत्या, त्या एवढ्याशा जुडग्यातल्या. आणि दिसायला त्यांत काही उणं नव्हतं! लांबी पुरी, आकडे अस्ताव्यस्त, कुलूप लागत होतं, उघडत होतं. २००८ च्या मे महिन्यात खुलासा झाला, तोवर जवळजवळ दोन वर्षं उलटली होती.

आम्हा साहित्याच्या माणसांना शिकवण असते, की कृतीकडे पाहा, कर्त्याच्या चौकशा करू नका. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपण म्हणतोच. ह्या संख्यांच्या राज्यात न्याय नेमका उलटा आहे. अस्सल आणि नकली ह्यांचे चेहरे जुळ्या भावंडांसारखे असतात. संख्येकडे टक लावून पाहून काही कळत नाही. ती जन्मली कुठे, हेच विचारावं लागतं.

भाचीच्या प्रोग्राममध्ये शेवटी एक छोटी ओळ आहे. व्यवस्थेकडून हवे तेवढे बाइट मिळाले नाहीत, तर काम तिथेच थांबवायचं. घड्याळावर वेळ मारून न्यायची नाही. आपल्या घराघरांतलं पेन्शन, पगार आणि खाजगी पत्रं अशा ओळींच्या भरवशावर सुखरूप असतात. त्या लिहिणाऱ्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. त्यांनी दाराशी येऊन पोस्त मागितलं असतं, तर मी ते आनंदानं दिलं असतं.